करंजाखालचे आबा

सुहास ओव्हाळला बाप नव्हता असं नाही. बापाचा ठिकाणा नव्हता. सीताराम भिकाजी ओव्हाळ हा इसम बेडशाच्या डोंगराखालच्या एका वाडीत जन्मला, तिथंच तरणाताठा असताना वारला आणि तिथंच कुठंतरी पुरला गेला, एवढं नक्की होतं. तेव्हा सुहास तीन वर्षांचा होता. आई चिमाबाई त्याला काखोटीला मारून लोणावळ्याला आली. बंगल्यांमधली भांडी घासून तिनं पोराला दहावी केलं, रेल्वेत चिकटलेलं बघितलं आणि मरेपर्यंत वाडीचं नाव काढलं नाही. सुहासनं कधी विचारलंच तर म्हणायची, "तितं आपलं काय न्हाई." तिनं असं म्हटलं की पुढं बोलायची कुणाची छाती नव्हती.

आता सुहास सहासष्ट वर्षांचा होता. लोणावळ्याच्या यार्डात पॉइंट्समन म्हणून उभा जन्म गेला. गाड्या या रुळावरून त्या रुळावर घालायच्या आणि आपण जागेवर उभं राहायचं. रिटायर झाला तेव्हा बायकोबरोबर चार गावं फिरायची ठरली होती. पण माणूस योजतो एक आणि होतं भलतंच. रेणुका कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पिंपरीच्या एका दवाखान्यात गेली. त्या वेळी सुहास स्वतः ताप घेऊन घरात पडला होता. तिला कुणी नेलं, कुठं जाळलं, राखेचं काय झालं, हे सांगणारा एक फोन आला होता. तापाच्या ग्लानीत त्यानं तो नीट ऐकलाही नाही, आणि नंतर परत विचारायचा धीर झाला नाही.

मुलगा गौरव बंगळुरूला. पोरगा गुणी, रोज फोन करायचा. "पप्पा, जेवलात? गोळी घेतली?" दोन्ही प्रश्नांना उत्तर 'हो'. तिसरा प्रश्न त्यालाही सुचत नसे आणि सुहासलाही. फोन ठेवला की घरात फ्रिजचा आवाज तेवढा राहायचा.

कुठंतरी जाऊन बसावं, असं त्याला फार वाटायचं. पण लोणावळ्यात रिकामा माणूस बाकावर दिसला की रिक्षावाले येऊन विचारतात, काका, टायगर पॉइंट? भुशी डॅम? त्याला अशी जागा हवी होती, जिथं बसलं तर कुणी विचारणार नाही की इथं तुमचं कोण. जिथं आपलं माणूस आहे अशी एक हातभर जमीन. आईला लोणावळ्यात जाळली, रेणुकाचा पत्ता नाही. राहता राहिला बाप. तो तरी जमिनीत होता.

म्हणून तो बापाच्या मागावर निघाला. पाटील-देशमुखांच्या सात पिढ्या भाटाच्या तोंडी असतात. ओव्हाळांची वंशावळ दुसऱ्याच पिढीला धाप लागून खाली बसायची. वडगावच्या तहसील कचेरीत त्यानं हेलपाटे घातले. सरकारी काम आणि सहा महिने थांब. पण सुहासला तरी कुठं घाई होती? उलट खिडकीसमोरच्या रांगेत चार माणसं बोलायला भेटत. शेवटी जुन्या मृत्यूनोंदीची नक्कल मिळाली. सीताराम भिक्या, वय अंदाजे तीस, कारण ताप. बस. माणूस पुरला कुठं, हा रकाना सरकारनं ठेवलाच नव्हता. सरकारला माणूस वजा झाल्याशी मतलब.

मग तो लोकलनं कामशेतला उतरला आणि जीपगाडीनं वाडीवर गेला. बौद्ध वस्तीची मसणवाट ओढ्याच्या वरच्या माळावर होती. घाणेरीची झुडपं, वाळकं गवत आणि त्यात जागोजाग दगडांच्या लहानमोठ्या राशी. उशाला एखादा उभा दगड, कुठं तोही ढळलेला. नाव एकाही थडग्यावर नव्हतं. पूर्वी लिहायला येत नव्हतं, पुढं येऊ लागलं तेव्हा लोक जाळू लागले. सुहास त्या राशींमधून हिंडला, प्रत्येकीपुढं थांबला आणि हात हलवत परत आला.

त्यातच ग्रामसेवकानं नवीनच वार्ता सांगितली. माळाच्या कडेचा रस्ता रुंद व्हायचा होता, होळीनंतर मोजणी होती. ज्या थडग्यांना वारस आहेत त्यांनी नावाचा पक्का दगड बसवावा, तेवढी सोडून रस्ता आखू, असं ठरलं होतं. बाकीची जागा मोकळी धरणार. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. इतकी वर्षं बाप सापडला नाही ते चाललं, पण आता नाही सापडला तर त्याच्यावरून डंपर जाणार होते.

वाडीतली त्या काळातली माणसं एकेक करून माळावर जाऊन निजली होती. मागं उरली होती एकटी कस्तुराबाई. पंच्याऐंशी पार केलेली, गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. दारात गोणपाट टाकून ती दिवसभर ओढ्याकडं तोंड करून बसायची. तिचा नातू पवन चाकणला कंपनीत कामाला होता. घरी नातसून सारिका.

"म्हातारीला सगळं आठवतं," सारिका म्हणाली, "फक्त गोळी घेतली का तेवढं सोडून."

सुहास म्हातारीपुढं उकिडवा बसला. "मावशी, मी सुहास. सीताराम ओव्हाळांचा. चिमाबाईचा मुलगा."

"चिमाचा?" म्हातारीनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं, गालफडं चाचपली. "किती वाळलायस रं लेकरा."

रेणुका गेल्यापासून त्याच्या तोंडाला कुणी हात लावला नव्हता. त्याला एकदम भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून जे विचारायचं ते त्यानं घाईघाईनं विचारून टाकलं. "मावशी, आबांना कुठं पुरलं, तुम्हाला ठाऊक आहे? वडगावला कागद काढला मी. ताप येऊन गेले एवढंच लिहिलंय त्यात." बापाला आपण लहानपणी काय म्हणत होतो, हे त्याला आठवत नव्हतं. 'आबा' त्यानं आपल्या मनानंच ठरवलं होतं.

म्हातारीनं ओढ्याकडं बोट केलं.

"ताप. व्हय, तापच हुता. त्यो करंज दिसतोय का? त्याच्या बुडाला येकच थडगं हाय, बाकीच्यांपास्नं लांब. तितं."

"एकटंच का लांब?"

"तापाची साथ हुती न्हवं. लोकं भ्याली."

सिग्नल बघण्यात जन्म गेलेला माणूस. त्याच्या डोक्यात इथंच घंटा वाजायला हवी होती. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि ती काडी कुणाची हे बुडता बघत नाही. सुहास जवळजवळ पळतच ओढा ओलांडून गेला. करंजाखाली खरंच एक थडगं होतं, गवतात बुडालेलं, लहानसं. तो त्याच्याशेजारी बसला. "आबा," तो म्हणाला, आणि म्हातारा होऊन लहान पोरासारखा रडला. बघणारं कुणी नव्हतं, याचं त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं.

त्यानंतर दर रविवारी तो वाडीवर जायचा. गवत काढलं, ढळलेले दगड नीट रचले. पौर्णिमेला मेणबत्ती लावून बुद्धवंदना म्हणायचा. जाताना आणि येताना कस्तुराबाईच्या दारात थांबणं ठरलेलं. ती बारीकसारीक विचारायची. ऊन लागतं का तिथं? मुंग्या झाल्यात का? करंजाला फुलं आली का? आणि मग आपणहून एखादी आठवण सांगायची, तुटक, ओढ्याकडं बघत.

"शेंगा लय आवडायच्या. वल्या, मिठाच्या पान्यात उकडल्याल्या. टोपलंभर दिल्या तरी उरायच्या न्हाईत." असं म्हणून ती सारिकाकडून मूठभर शेंगा पुडीत बांधून घ्यायची. "न्हे तितं. ठिव."

पुढच्या खेपेला कळलं की अंधाराची लय भीती होती, परड्यात जायचं तरी कुणीतरी संगं लागायचं. त्याच्या पुढच्या खेपेला कळलं की हसताना तोंडावर हात जायचा, पुढचा दात वाकडा होता म्हणून.

सुहासनं हे सगळं गोळा केलं. जन्मभर ज्याच्या चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं, त्याला आता वाकडा दात आला, भीती आली, आवड आली. बाजारात शेंगांची पाटी दिसली की तो थांबू लागला. एकदा फोनवर गौरव काहीतरी गंमत बोलला आणि सुहासच्या लक्षात आलं की हसताना आपलाही हात तोंडावर गेलाय.

"तुझे आजोबा हसताना तोंडावर हात धरायचे," तो म्हणाला.

"खरंच? पप्पा, तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत."

त्या दिवशी ते दोघं बराच वेळ बोलत राहिले. हा सुहासला आबांचा प्रसादच वाटला. मनात त्यानं आणखीही एक ठरवून टाकलं होतं, गौरवला अजून सांगितलं नव्हतं: आपल्यालाही इथंच ठेवायचं, करंजाखाली, आबांच्या शेजारी. जागा होती. त्यानं स्वतः आडवं होऊन बघितलं होतं.

होळीच्या आधी त्यानं दगड करायला दिला. कान्हे गावचा कैलास गवंडी कडप्प्यावर अक्षरं कोरून द्यायचा. 'कालकथित सीताराम भिकाजी ओव्हाळ', एवढंच. दगड टेम्पोतून माळाखाली आला, तिथून कैलासनं आणि सुहासनं तो उचलून करंजाखाली नेला. बाजूला टेकवून ठेवला तेव्हा सुहास त्या नावाकडं एकटक बघत राहिला. नाव चांगलं मोठं, सुबक आलं होतं.

"पाया घेतो भाऊ जरासा," कैलास म्हणाला, आणि त्यानं थडग्याच्या कोपऱ्याला पहार घातली. ती लोखंडावर खणकली. माती उकरली तर हातभर लांबीचा खिळा होता, घणानं ठोकलेला, गंजून फुगलेला. कैलास दुसऱ्या कोपऱ्याला गेला. तिथंही तसाच. चारी कोपऱ्यांना चार, आणि पायांच्या बाजूला आणखी एक.

कैलासनं पहार खाली ठेवली आणि हात पँटला पुसले.

मावळात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाई बाळंतपणात गेली की तिचा जीव मागं अडकतो, ती उठून घराकडं येते, असं म्हणत. म्हणून तिला सगळ्यांपासून लांब पुरायची आणि जमिनीला खिळवून टाकायची. गडीमाणसाला कुणी खिळे ठोकत नाही.

"भाऊ," कैलास हळूच म्हणाला, "तुमाला हे थडगं दावलं कुनी?"

"कस्तुराबाईनं."

"बाईमानसानं?" कैलासला पुढचं बोलणं जड गेलं. "पर त्या काळात बाया कुटं मसणात यायच्या? दारातनंच माघारी फिरायच्या. तिला काय ठावं कोन कुटं पुरला?"

सुहासला हे माहीत होतं. त्याची आईसुद्धा आली नसणार. म्हणूनच तर तिलाही ठाऊक नव्हतं, म्हणूनच ती म्हणायची तिथं आपलं काही नाही. वाडीत ज्यांना विचारायला हवं होतं ते पुरुष सगळे मेले होते, आणि उरलेल्या एकुलत्या एका बाईला त्यानं असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर कुठल्याच बाईजवळ असणं शक्य नव्हतं. एवढं साधं त्याला सुचू नये? आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! पण तिनं पोहरा भरून दिला होता, आणि तो रविवारच्या रविवार ते पाणी पीत आला होता.

तो तसाच उठला आणि ओढा उतरून तिच्या दारात गेला. जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस दारातच ओरडला, "मावशी, कोण आहे तिथं?"

सारिका चुलीपासून उठून बाहेर आली. म्हातारीनं मान वर केली, त्याच्या मातीनं भरलेल्या हातांकडं बघितलं आणि तिला कळलं.

"खिळं लागलं का?" ती म्हणाली.

"कोण आहे?"

"माजी लेक हाय." मग थोड्या वेळानं, "यशोधरा."

तिनं सांगितलं ते ओढ्याकडं बघतच सांगितलं. छप्पन सालात वाडीनं दीक्षा घेतली. त्यानंतर वाडीत जन्मलेली पहिली मुलगी तिची. नवऱ्यानं हौसेनं यशोधरा नाव ठेवलं. वाडीत कुणाला ते धड म्हणताही यायचं नाही. एकोणीस वर्षांची असताना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोर आडवं आलं. दोघंही गेली.

"मालक म्हनलं, करंजाखाली ठिवू तिला, पर खिळंबिळं काय न्हाई ठोकायचं, आपन समदं सोडलंय. पर सासूनं त्यांच्या माघारी दिराला धाडलं. बाकी समदं सोडलं रं आमी, भ्या सोडाय जमलं न्हाई. मला म्हनली, तू तिकडं फिरकायचं न्हाई, ती आईच्याच मागं येती. घरात तिचं नाव काडायची चोरी. पवनला आसली कुनी आत्या हुती ह्येबी ठावं न्हाई."

सारिका चौकट धरून उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

"मग मला का सांगितलंत, माझा बाप आहे म्हणून?" सुहासचा आवाज चिरकला. "सबंध हिवाळा मी तिथं बसलो. मी तिथं रडलो, मावशी."

"त्येच की. तू रडलास." म्हातारी पहिल्यांदाच त्याच्याकडं वळली. "तिच्यापाशी कुनी बसलंच न्हाई कदी. रस्ता यायचा म्हनत्यात, ज्याला कुनी न्हाई त्ये पुसून जानार. तिला कुनी हाय? तू आलास, ताप म्हनलास, माज्या तोंडातनं निघून गेलं बग. मागनं फिरवाया धीर झाला न्हाई."

"आणि शेंगा?"

"तिच्याच."

"अंधाराची भीती? तोंडावर हात?"

"तिचंच समदं. मला दुसऱ्या कुनाचं काय ठावं?"

"मग आबांचं एक तरी खरं सांगा. एक."

म्हातारीनं मनापासून प्रयत्न केला, हे त्याला दिसलं. तिनं डोळे मिटले, ओठ हलवले. "न्हाई रं लेकरा. सून मी तवा. पदराखालनं गडीमानसं समदी सारकीच."

तो निघाला. रस्त्यावर येऊन जीपची वाट बघत उभा राहिला. त्याला राग आला होता, पण रागापेक्षा मोठं काहीतरी छातीत बसलं होतं. वाकडा दात गेला. शेंगा गेल्या. गौरवला सांगितलं ते हसूही गेलं. आबा परत जिथले तिथं, नुसतं नाव होऊन पडले. बाप एकदा मेला तेव्हा सुहासला समजत नव्हतं. आज समजत होतं आणि तो पुन्हा गेला होता.

जीप आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सुहासनं पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. लोणावळ्याच्या त्या घरात जाऊन करायचं काय होतं? आणि त्याला राहून राहून दिसत होतं की म्हातारी आता दारात बसली असेल, आणि आता तिथलं ऊन, तिथल्या मुंग्या सांगायला कुणी येणार नाही. 'जा हो पुढं,' असा हात करून त्यानं जीप सोडून दिली.

करंजाखाली कैलास विडी ओढत बसला होता. "दगडाचं काय करायचं, भाऊ?" त्यानं विचारलं. मग तोच म्हणाला, "एक सांगू? हितं एवढी थडगी हायत. त्यातलं बरंसं बघून एखाद्यावर लावून टाकू. कोन इचारतंय? नाव तर खरं हाय."

मोह पडण्यासारखीच गोष्ट होती. सुहासनं माळावर नजर टाकली. रस्त्याच्या बाजूला एक थडगं होतं, चांगलं लांबरुंद, गड्याचंच वाटावं असं. कुणाला कळणार नव्हतं. पण त्याला स्वतःला कळणार होतं. दर रविवारी जाऊन बसल्यावर मनात हेच येणार होतं, की हा कुणाचा बाप?

"दगड पालथा कर," तो म्हणाला. "दुसऱ्या अंगानं कोर. नाव सांगतो."

"आन् ह्ये?" कैलासनं कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं.

"खाली जाऊ दे."

परत वाडीत जाऊन त्यानं म्हातारीला एवढंच विचारलं, "खिळ्यांचं काय करू? कैलास हात लावायला तयार नाही."

"काड तू," म्हातारी लगेच म्हणाली.

सारिका दबकत म्हणाली, "आजी, पण असं म्हणतात की..."

"काय म्हनत्यात? ती माज्याकडं यील?" म्हातारीचे शब्द ठणठणीत होते. "यिऊ दे की. येवडी वर्सं दारात कशापायी बसलेय मग मी?"

सुहासनं पहारीनं पाचही खिळे उपटले. जमीन घट्ट होती, वेळ लागला. शेवटच्याला तर दोन्ही हातांना फोड आले. ते कुठं टाकावेत कळेना, म्हणून त्यानं पिशवीत घातले आणि कामशेतला भंगारवाल्याला देऊन टाकले. भंगारवाल्यानं काही विचारलं नाही.

मोजणीच्या आदल्या रविवारी दगड बसला. वरच्या अंगाला 'कालकथित यशोधरा' आणि त्याखालच्या ओळीत तिचं सासरचं नव्हे, माहेरचं आडनाव. म्हातारीनं तसंच सांगितलं होतं. ग्रामसेवक यादी करायला आला होता. त्यानं नाव बघितलं, सुहासकडं बघितलं. "तुम्ही तर वडिलांसाठी आला होतात ना?"

"सापडले नाहीत," सुहास म्हणाला. हे मोठ्यानं म्हणायला इतकं जड जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.

आदल्या रात्री फोनवर त्यानं गौरवलाही तेच सांगितलं होतं. पोरगा म्हणाला, "मग ते हसण्याचं?" सुहास म्हणाला, "ते दुसऱ्याच कुणाचं होतं." मग गौरवनं विचारलं, गोळी घेतली का.

पवन सुट्टीवर आला होता. त्यानं आणि सुहासनं कस्तुराबाईला खुर्चीत बसवून ओढ्यापार नेलं. सारिका शेंगांची पिशवी घेऊन मागून आली. वाडीतल्या दोन-चार बाया लांबूनच बघत होत्या, जवळ कुणी येईना. करंजापाशी खुर्ची टेकवली, तशी म्हातारी स्वतःच खाली सरकली, जमिनीवर बसली आणि तिनं दगडावरची अक्षरं हातानं चाचपली. वाचता येत नव्हतं तिला. पहिल्या दिवशी तिनं सुहासचं तोंड असंच चाचपलं होतं; तेव्हा ते हात त्याच्यासाठी होते की लेकीसाठी, हे त्याला आता ठरवता येईना.

सुहास शेजारी बसायला गेला. ती इतक्या दिवसांची त्याची जागा होती. गवत त्यानं काढलं होतं, दगड त्यानं रचले होते. म्हातारीनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"सुहास, तू जा आता जरा," ती मऊपणानं म्हणाली. "मला तिच्यासंगं बोलायचंय."

"हो मावशी," तो म्हणाला आणि उठला.

पवन आणि सारिका ओढ्यापाशी जाऊन थांबले. त्यांच्यात जाऊन उभं राहणं त्याला बरं वाटेना. घरचं माणूस नव्हता तो. म्हणून तो उलट्या बाजूला, माळावर रस्त्याकडं चालू लागला. मागून म्हातारीचं पुटपुटणं येत होतं, मधेच हसल्यासारखं. मोजणीच्या खुणांसाठी कुणीतरी चुन्याच्या फक्क्या टाकून ठेवल्या होत्या. त्याच्या दोन्ही बाजूंना दगडांच्या राशी होत्या. काही नीट दिसणाऱ्या, काही जमिनीला मिळून गेलेल्या. जिथं राशी नव्हत्या तिथंही कधीकाळी असतीलच, हे त्याला कळत होतं. आबा यांतल्या कुठल्याही एका दगडाखाली असू शकत होते. किंवा दगड नसलेल्या जागी. किंवा आता, या क्षणी, त्याच्या पायाखाली.

तो जागच्या जागी थबकला. वाकून त्यानं चपला काढल्या आणि हातात घेतल्या. पुढं पाऊल टाकायचं होतं, पण कुठं टाकावं ते समजेना. सारिकानं लांबून हाक मारेपर्यंत तो तसाच अनवाणी उभा राहिला.